परक्या राजाची राणी: पैसा कुठून यायचा, आणि लोक का चिडायचे?

प्रश्न असा आहे: "तेराव्या शतकातल्या इंग्लंडवर कादंबरी लिहितेय. नायिका प्रोव्हान्सची (दक्षिण फ्रान्सकडची) एलिनॉर. बारा-तेराव्या वर्षी तिसऱ्या हेन्रीशी लग्न होऊन ती परक्या मुलखात येते. भाषा येत नाही, लोक तिचा राग करतात. महालात कोंडलेली, एकटी राणी असं तिला दाखवलं तर इतिहासाला धरून होईल का? तिच्या हातात खरोखर काय होतं?"

एलिनॉरच्या बाबतीत तरी तसं दाखवू नका. लोकांचा राग खरा होता, पण तो ती एकटी होती म्हणून नव्हता. ती एकटी आली नाही, याचाच तो राग होता. तिच्याबरोबर एक मामा आला, मग दुसरा, मग तिसरा. मामांच्या मागून त्यांचे कारभारी, पाद्री, भाचे आणि लग्नाच्या मुली आल्या. त्या सगळ्यांना जमिनी, पगार आणि स्थळं लागत होती. म्हणून तुमच्या प्रश्नातला दुसरा भागच महत्त्वाचा आहे. राणीच्या हातात वाटण्यासारखं काय होतं आणि ते यायचं कुठून, हे एकदा कळलं की तिची भांडणं, मैत्री, भीती, सगळं आपोआप जागेवर बसतं.

अर्थात हे एलिनॉरला लागू आहे, प्रत्येक परदेशी राणीला नाही. डेन्मार्कच्या इंगेबोर्गचं उदाहरण घ्या. ऑगस्ट 1193 मध्ये आमियाँ इथे फ्रान्सच्या फिलिप ऑगस्टसशी तिचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी राज्याभिषेक झाला आणि लगेच राजाने तिला टाकलं. 1213 पर्यंत ती मठांत आणि किल्ल्यांत जवळजवळ कैदेत होती. पोपने 1200 मध्ये फ्रान्सभर धार्मिक विधींवर बंदी घातली, तरी राजा खऱ्या अर्थाने बधला नाही. तिचा भाऊ डेन्मार्कचा राजा होता, पण दूर होता. मूलबाळ नव्हतं, भाषा येत नव्हती, माहेरची माणसं परत पाठवलेली. कोंडलेली राणी हवी असेल तर नायिका बदला, इंगेबोर्ग घ्या. उलट नॉर्मंडीची एमा बघा. 1002 मध्ये इंग्लंडच्या एथेलरेडशी लग्न, तो वारल्यावर 1017 मध्ये देश जिंकून घेणाऱ्या क्नूटशी लग्न, आणि पुढे तिचे दोन मुलगे इंग्लंडचे राजे झाले. परक्या राणीचं काय होणार हे साधारण चार गोष्टींवर ठरायचं: नवऱ्याचा स्वभाव, मुलगा झाला की नाही, माहेर किती जवळ आणि किती उपयोगाचं, आणि तिच्या नावावर स्वतंत्र उत्पन्न किती. एलिनॉरला चारही बाबतींत दान बरं पडलं होतं. म्हणूनच तिची गोष्ट दुःखी राजकन्येची न होता राजकारणाची होते.

माहेर कसं होतं ते आधी नीट मनात बसवा, कारण बहुतेक कादंबऱ्या इथेच घसरतात. वडील रेमंड बेरेंगार, प्रोव्हान्सचे काउंट. मुलूख लहान, खजिना बेताचा. पण आई बिआत्रिस सॅव्हॉय घराण्याची, आणि आल्प्सच्या खिंडींवर सॅव्हॉयचा ताबा. इटलीकडे जाणारा व्यापारी असो की पोपचा दूत, त्यांच्या दारावरून जाणार. काउंटला चार मुली. थोरली मार्गारेट 1234 मध्ये फ्रान्सच्या नवव्या लुईला दिली. दुसरी ही एलिनॉर. तिसरी सँचा 1243 मध्ये हेन्रीच्या धाकट्या भावाला, कॉर्नवॉलच्या रिचर्डला दिली, म्हणजे दोघी बहिणी एकमेकींच्या जावा झाल्या. धाकटी बिआत्रिस 1246 मध्ये लुईच्या भावाला, अंजूच्या चार्ल्सला. हेन्रीला या लग्नातून मिळालं ते हेच: ज्या फ्रेंच राजाशी त्याचं जमिनींवरून पिढीजात वैर होतं, तो त्याचा साडू झाला. 1259 मध्ये पॅरिसला दोघांत तह झाला, त्यामागे या बहिणींच्या भेटीगाठी नक्कीच होत्या. 1254 च्या नाताळात चौघी बहिणी आणि त्यांची आई पॅरिसमध्ये एकत्र होत्या.

हुंड्याची घासाघीस झाली, पण शेवटी हेन्रीने आपल्या दूतांना सांगून ठेवलं होतं की पैसे मिळाले नाहीत तरी मुलगी घेऊन या. त्याला घाई का होती? त्याच वर्षी, म्हणजे 1235 मध्ये, त्याने पाँतिअच्या जोनशी ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. गंमत पुढे आहे. त्या जोनची मुलगी, स्पेनमधल्या कॅस्टीलची एलिनॉर (नाव तेच, बाई वेगळी), 1254 मध्ये याच घरात सून म्हणून आली. आपल्या नवऱ्याने नाकारलेल्या बाईची मुलगी आपल्या थोरल्या मुलाची बायको. असा प्रसंग रचायला जाल तर वाचक म्हणेल, ओढूनताणून आणलंय. इतिहासात तो आयता पडलेला आहे.

लग्न 14 जानेवारी 1236 ला कँटरबरीला झालं आणि 20 जानेवारीला वेस्टमिन्स्टरला तिचा राज्याभिषेक. वधू बाराच्या आसपास, वर 28 चा. चर्चच्या कायद्यात मुलीला लग्नासाठी बारा पुरे होती, मुलाला चौदा. इतिवृत्तकार मॅथ्यू पॅरिस लिहितो की मिरवणुकीत लंडनचे नागरिक घोड्यांवर बसून 360 सोन्या-चांदीचे पेले घेऊन चालले होते. मेजवानीच्या वेळी राजवाड्याच्या मानाच्या कामावर सायमन द मॉन्फर्ट होता. हा माणूस विसरू नका. स्वतः फ्रान्समधून आलेला. दोन वर्षांनी राजाच्या बहिणीशी लग्न करून एलिनॉरच्या नणंदेचा नवरा झाला, आणि सत्तावीस वर्षांनी "परक्यांना हाकला" म्हणणाऱ्यांचा पुढारी. परका कोण, हे जन्मगावावरून ठरत नव्हतं.

भाषेचं संकट तुम्ही समजता तेवढं मोठं नव्हतं. इंग्लंडचा दरबार फ्रेंच बोलायचा, हिशेब आणि हुकूम लॅटिनमध्ये. एलिनॉरची माहेरची बोली प्रोव्हान्सची, म्हणजे दक्षिणेची. दरबारी फ्रेंच तिला वेगळं वाटलं असणार, पण शिकायला अवघड नाही. इंग्रजी न येता तिचं आयुष्य चाललं असतं. 1250 मध्ये राजाने टेम्पलर योद्ध्यांच्या मठातून अँटिओकच्या धर्मयुद्धाच्या कथांचा एक जाडजूड फ्रेंच ग्रंथ राणीसाठी मागवल्याचा हुकूम आहे. त्या ग्रंथाच्या सुमाराला वाड्यातल्या एका खोलीच्या भिंतींवर त्याच युद्धाची चित्रं काढून घेतली गेली. वाचणारी, गोष्टींत रमणारी बाई डोळ्यांसमोर आणा.

आता पैसा. इथे जरा थांबतो, कारण अशा प्रश्नात मी नेहमी आधी जमाखर्च बघतो आणि इतिवृत्त नंतर. इतिवृत्त लिहिणारा मठात बसून आपला राग लिहितो. मॅथ्यू पॅरिस सेंट ऑल्बन्सचा भिक्षू होता, बाहेरून आलेल्यांवर त्याचा दात होता, आणि 1259 च्या सुमारास तो गेला, म्हणजे पुढे राजा आणि सरदार यांच्यात झालेली मोठी यादवी त्याने पाहिलीच नाही. कोणाला किती द्यायचं याचा हुकूम मात्र कारकुनाने कोरडेपणाने लिहिलेला असतो. त्यात राग नसतो, रक्कम असते.

लग्नाच्या वेळी राजा राणीच्या नावे जमिनी आणि गावं लावून द्यायचा. ग्लॉस्टर, केंब्रिज, हंटिंगडन ही त्यातली. पण या जमिनी तिला विधवा झाल्यावर मिळायच्या. नवरा जिवंत असेपर्यंत कागदावर ती श्रीमंत आणि हातात काही नाही. लेखक हे हमखास चुकवतात: विशीतल्या राणीला आपल्या गावांचा सारा वसूल करताना दाखवतात. तसं होत नव्हतं.

नवरा हयात असताना तिचं हक्काचं उत्पन्न म्हणजे "क्वीन्स गोल्ड", राणीचं सोनं. कोणी राजाला स्वखुशीने पैसे द्यायचं कबूल केलं, म्हणजे सवलत, परवाना, माफी, वारसाहक्क यासाठी, आणि ती रक्कम दहा मार्क किंवा जास्त असली, की त्यावर राणीला वेगळे दहा टक्के. नियम शंभर चांदीच्या मार्कांमागे एक सोन्याचा मार्क असा होता आणि सोनं चांदीच्या साधारण दहापट धरलं जायचं, म्हणून दहा टक्के. मार्क हे नाणं नाही, हिशेबाचं माप आहे: 160 पेनी, म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश. बाजारात फिरणारं नाणं फक्त चांदीची पेनी. 1257 मध्ये हेन्रीने सोन्याची पेनी पाडली, ती चालली नाही. तेव्हा कृपा करून राणीला सोन्याच्या मोहरांची थैली फेकायला लावू नका.

ही वसुली बोचायची कशी ते बघा. समजा, एका सरदाराने बापाच्या इस्टेटीसाठी राजाशी मोठ्या मुश्किलीने 150 मार्कांचा सौदा ठरवला. घरी जातो तोच राणीचा कारकून हजर, आणखी 15 मार्क. राजाने नंतर मूळ रक्कम सोडून दिली तरी राणीचा हिस्सा मागे लागलेलाच राहू शकतो. "स्वखुशीने" या शब्दाची व्याप्तीही राणीची माणसं शक्य तेवढी ताणायची. लंडनचे व्यापारी आणि इंग्लंडमधले ज्यू या वसुलीत सर्वांत जास्त भरडले जायचे, कारण राजा त्यांच्याकडूनच वारंवार पैसे काढायचा.  लंडनकरांच्या रागाचं मूळ शोधायला फार लांब जावं लागत नाही.

तिसरा झरा सर्वांत मोलाचा: अज्ञान वारस. राजाकडून थेट जमीन घेतलेला सरदार वारला आणि मुलगा लहान असला, तर मुलगा वयात येईपर्यंत, म्हणजे एकविसाव्या वर्षापर्यंत, जमीन राजाच्या ताब्यात. त्या मुलाचं लग्न कुणाशी करायचं हेही राजाच्या हातात. राजा हे पालकत्व विकायचा किंवा बक्षीस द्यायचा. हेन्रीने राणीला अशी पालकत्वं भरपूर दिली. यात तिला एकाच वेळी तीन गोष्टी मिळायच्या: चालू उत्पन्न, त्या इस्टेटीतल्या चर्चवर आपला पाद्री नेमायचा अधिकार, आणि एक श्रीमंत नवरामुलगा. 1247 मध्ये लॅसी घराण्याचा लहान वारस एडमंड याचं लग्न सलुत्सोच्या ॲलिसशी लागलं. ॲलिस सॅव्हॉयच्या नात्यातली. इंग्लंडमधल्या मोठ्या जहागिरीत राणीच्या नात्यातली मुलगी अशी सून होऊन बसली. इंग्लिश सरदारांचं पोट दुखायचं ते इथे: आपल्या मुलींची स्थळं आल्प्सकडून आलेल्या मुली नेतात.

हे सगळं मिळूनही खर्च भागत नव्हता. राणीचं स्वतंत्र खातं होतं, त्यावर स्वतःचा खजिनदार, स्वतःचे मुनीम, बायका, नोकर, घोडे. नव्या वर्षाला अंगठ्या, ब्रोच आणि कमरपट्टे डझनांनी वाटले जायचे, आणि ते कुणाकुणाला दिले याची यादी ठेवली जायची. हा दागिन्यांचा शौक नव्हता. दरबारात कोण आपल्या बाजूचा, हे त्या यादीवरून कळायचं. तूट आली की इटालियन सावकार. तर थोडक्यात: नवरा असताना हक्काचं म्हणावं असं राणीचं सोनं, बाकी पालकत्वं आणि देणग्या राजाच्या मर्जीवर, गावं-जमिनी वैधव्यानंतर, आणि मधली तूट कर्जावर.

मर्जीवर अवलंबून असणं म्हणजे काय, हे 1252 मध्ये दिसलं. फ्लॅमस्टेडच्या चर्चवर नेमणूक करायचा हक्क राणीकडच्या एका पालकत्वात होता. तिने आपला धर्मगुरू नेमला. राजाने त्याच जागेवर आपला माणूस नेमला होता. राजा एवढा भडकला की तिच्याकडे असलेल्या जमिनींचा (वैधव्यानंतरच्या नव्हे) कारभार काढून घेतला आणि तिला काही काळ दरबारापासून दूर ठेवलं. लिंकनचा बिशप ग्रोसटेस्ट तिच्या बाजूने उभा राहिला. दोघांचं मग जमलंही. हेन्रीने दुसरी बाई ठेवल्याची कुठे नोंद नाही, हेही लक्षात ठेवा. सुखी म्हणावं असं लग्न होतं, आणि तरीही एका लहानशा नेमणुकीवरून तिच्या हातातलं सगळं एका हुकमात जाऊ शकत होतं. तुमच्या कादंबरीला ताण हवा असेल तर तो खिडकीत बसून रडण्यात नाही, या प्रसंगात आहे.

मामांकडे येऊ. विल्यम, व्हॅलेन्सचा निवडलेला बिशप, वधूबरोबरच आला आणि काही महिन्यांत राजाचा पहिला सल्लागार झाला. तो 1239 मध्ये वारला. पीटरला रिचमंडची मोठी जहागीर मिळाली. लंडनमध्ये थेम्सकाठी त्याचा वाडा होता त्या जागेला आजही सॅव्हॉय म्हणतात. बोनिफेसला 1241 मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप निवडलं. राजाला मुत्सद्दी मिळाले, राणीला आपली माणसं. सोय दोघांची होती. ही माणसं नुसती ऐतखाऊ नव्हती, पीटर तर युरोपातल्या उत्तम वाटाघाटी करणाऱ्यांपैकी एक.

गोम 1247 मध्ये झाली. राजाची आई इसाबेल हिने पहिला नवरा, म्हणजे राजा जॉन, वारल्यावर फ्रान्समध्ये लुझिन्यां घराण्यात दुसरं लग्न केलं होतं. त्या लग्नाची मुलं, म्हणजे एलिनॉरचे सावत्र दीर, आता इंग्लंडला आले. त्यांनाही जमिनी हव्या, पालकत्वं हवी, बिशपची गादी हवी. वाटायचा हंडा तोच, पंगती दोन झाल्या. इंग्लिश सरदार आणि परके असं सरळ दोन तट पाडून लिहाल तर फसाल. 1258 च्या एप्रिलमध्ये सात सरदारांनी एकमेकांना साथ द्यायची शपथ घेतली, त्यांत सायमन होता आणि राणीचा मामा पीटरही होता. राणीचा ओढा त्यांच्याकडेच होता, कारण त्यांना लुझिन्यां भाऊ हाकलायचे होते. ते हाकलले गेले. पण परक्यांना हाकलता येतं, हे एकदा सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या पाच वर्षांत तीच काठी सॅव्हॉयवाल्यांवर फिरली.

घरातलं आयुष्य लिहायला दोन प्रसंग पुरे आहेत. लग्नाला तीन वर्षं होत आली, मूल नाही, आणि राणी वांझ असल्याची कुजबुज सुरू. सप्टेंबर 1238 मध्ये वुडस्टॉकला एक मारेकरी रात्री खिडकीतून राजाच्या खोलीत शिरला. राजा तिथे नव्हता, राणीच्या खोलीत होता. राणीच्या सेवेतली मार्गारेट बिसेट रात्री जागून स्तोत्रं वाचत होती, तिने आरडाओरडा केला आणि माणूस सापडला. यातून कळतं ते असं: राजा-राणीच्या खोल्या वेगळ्या, आणि राणीच्या खोलीत रात्रीसुद्धा बायकांचा वावर. एकांत जवळजवळ नाहीच. जून 1239 मध्ये एडवर्ड झाला, मग 1240 मध्ये मार्गारेट, 1242 मध्ये बिआत्रिस, 1245 मध्ये एडमंड, आणि 1253 मध्ये कॅथरिन, जी तिसऱ्या-चौथ्या वर्षी गेली. पहिल्या मुलाचं नाव जुन्या इंग्लिश संत-राजावरून ठेवलं. बापाची भक्ती त्यात होतीच, आणि परक्या आईच्या मुलाला ते उपयोगाचंही पडलं.

मुलं दायांकडे, बहुतेक विंडसरला. म्हणून आई तुटक होती असं समजू नका. 1246 मध्ये ब्यूलीच्या मठाच्या समारंभाला गेले असताना लहान एडवर्ड तापाने पडला. हा मठ सिस्टर्शियन पंथाच्या भिक्षूंचा, तिथे बाईने राहायचं नाही, हा कडक नियम. एलिनॉर मुलापाशी तीन आठवडे तिथेच राहिली.

मुलींच्या बाबतीत इतिहास तिच्यावर उलटला. थोरली मार्गारेट डिसेंबर 1251 मध्ये यॉर्कला स्कॉटलंडच्या तिसऱ्या अलेक्झांडरशी लावून दिली. ती अकरा, तो दहा. एडिंबराच्या किल्ल्यात आपल्याला डांबल्यासारखं ठेवतात, नवऱ्याला भेटू देत नाहीत, अशी तक्रार आली. एलिनॉरने आपला विश्वासू वैद्य पाठवला, आणि 1255 मध्ये राजा-राणी स्वतः सीमेपर्यंत गेले. तुमच्या मनातली एकटी, कोंडलेली राणी या घरात खरोखर होती, पण ती मुलगी होती. पुढे 1282 मध्ये एडवर्डच्या तेरा वर्षांच्या मुलीला लग्नासाठी ॲरॅगॉनला पाठवायची वेळ आली, तेव्हा राजा झालेल्या एडवर्डने लिहिलं की राणी (म्हणजे त्याची बायको) आणि माझी आई दोघी मुलीच्या कोवळ्या वयामुळे पाठवायला तयार नाहीत. दोघी सासू-सुना स्वतः त्याच वयात बोहल्यावर चढल्या होत्या. एलिनॉरला आपल्या लग्नाबद्दल काय वाटत होतं, याचा याहून जवळचा पुरावा मिळणं कठीण.

आता सत्ता. ऑगस्ट 1253 मध्ये हेन्री गॅस्कनीला, म्हणजे नैर्ऋत्य फ्रान्समधल्या आपल्या मुलखात, लढायला गेला आणि राज्य राणीकडे सोपवलं, सल्ल्याला दीर रिचर्ड. तेव्हा ती गरोदर. नोव्हेंबरात कॅथरिनचा जन्म, आणि त्याच महिन्यांत युद्धासाठी पैसे उभे करायचं काम. फेब्रुवारी 1254 मध्ये तिने आणि रिचर्डने राजाला कळवलं की कॅस्टीलचा राजा खरोखर चालून आला तरच सरदार मदत करतील. आणि प्रत्येक परगण्यातून दोन-दोन शिलेदार निवडून पाठवा, ते तिथल्या लोकांच्या वतीने कराबद्दल बोलतील, असे हुकूम सुटले. इंग्लंडच्या पार्लमेंटच्या इतिहासात हे बोलावणं मैलाचा दगड मानतात. त्या वेळी गादी एका तिशीतल्या परक्या बाईने सांभाळलेली होती. मे अखेरीस ती मुलांना घेऊन गॅस्कनीला निघाली.

तुमचा "लोक द्वेष करतात" हा भाग 1263 चा. सायमनचा पक्ष पुन्हा वर आला, परक्यांना हाकलायची मागणी घेऊन. राजाकडे पैसे नाहीत. जूनअखेर एडवर्डने लंडनच्या टेम्पलमध्ये, म्हणजे टेम्पलर योद्ध्यांच्या मठात, व्यापाऱ्यांनी ठेवलेला पैसा लुटून नेला. शहर पेटलं. 13 जुलैला राणी लंडनच्या टॉवर किल्ल्यातून होडीने विंडसरकडे निघाली तेव्हा लंडन ब्रिजवरून लोकांनी दगड आणि घाण फेकली, शिव्या दिल्या. होडी पुलाखालून नेणं अशक्य झालं. महापौराने तिला सोडवून सेंट पॉल्सजवळ बिशपच्या वाड्यात पोचवलं. दगड फेकणाऱ्यांच्या हिशेबात राणीचं सोनं होतं आणि नुकताच लुटला गेलेला पैसा होता. तिची बोली प्रोव्हान्सची होती म्हणून कोणी दगड उचलला नाही.

मे 1264 मध्ये लुइसच्या लढाईत नवरा कैद झाला, मुलगा ओलीस गेला, तेव्हा ती फ्रान्समध्ये होती. तिने काय केलं? दागिने गहाण टाकले, कर्ज काढलं, नैर्ऋत्य फ्रान्समधले काही हक्क लुईला विकले, मामा पीटरच्या मदतीने फ्लँडर्सच्या किनाऱ्यावर भाडोत्री सैन्य जमवलं. वारा अनुकूल नाही, मग पैसा संपला, आणि शरदात सैन्य पांगलं. ते कधी निघालंच नाही, म्हणून कथांमध्ये हा भाग गाळतात. मला तो तिच्या आयुष्यातला सर्वांत बोलका वाटतो. साडू, बहीण, मामा, सावकार, गेल्या अठ्ठावीस वर्षांत जोडलेलं प्रत्येक नातं तिने त्या सहा महिन्यांत वापरलं. ऑगस्ट 1265 मध्ये ईव्हशमला सायमन मारला गेला, मग ती परतली.

तिला नायिका करताना एक बाजू झाकू नका. 1272 मध्ये हेन्री गेल्यावर तिच्या नावच्या जमिनी तिच्या ताब्यात आल्या (राणीचं सोनं मात्र सुनेकडे गेलं), आणि 1275 च्या जानेवारीत तिने आपल्या गावांतून सगळ्या ज्यूंना बाहेर काढायची परवानगी मुलाकडून घेतली. मार्लबरो, ग्लॉस्टर, वूस्टर, केंब्रिज. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबं दुसऱ्या गावांत हलवली गेली. स्वतः परकी म्हणून दगड खाल्लेल्या बाईने हे केलं. याचं स्पष्टीकरण देण्याच्या भानगडीत कादंबरीने पडू नये, पण प्रसंग असावा. अखेरीस 1286 मध्ये तिने एम्सबरीच्या मठात दीक्षा घेतली, तीही जमिनींचं उत्पन्न स्वतःकडे ठेवण्याची पोपची परवानगी मिळवूनच. 1291 च्या जूनमध्ये तिथेच वारली.

बारीकसारीक चुका टाळायच्या तर: लग्न झालेली बाई केस मोकळे सोडून दरबारात बसत नव्हती, डोकं आणि गळा कापडाने झाकलेला असायचा. ताटात बटाटा, टोमॅटो, मिरची नाही. शुक्रवारी आणि उपवासाच्या लांबलचक काळात मांस नाही, मासे. दरबार एका जागी नसतो, विंडसर, वेस्टमिन्स्टर, क्लॅरेंडन, विंचेस्टर, वुडस्टॉक असा फिरतो आणि राणीचा बिछाना, कपडे, मेणबत्त्या गाड्यांतून मागे चालतात. हेन्री राणीच्या खोल्यांना काचेच्या खिडक्या, लाकडी झडपा आणि भिंतीला रंग करून घ्यायचा, म्हणजे थंड दगडी कोठडीतली राणी हेही चित्र या घराला लागू पडत नाही.

आणि सगळं आयुष्य एका पुस्तकात कोंबू नका. पंचावन्न वर्षांचा पट आहे, नुसती तारखांची यादी होईल. मला विचाराल तर ऑगस्ट 1253 ते मे 1254 हे नऊ-दहा महिने घ्या. नवरा समुद्रापार, पोटात मूल, खजिना रिकामा, आदल्याच वर्षी नवऱ्याने काढून घेतलेला आणि आता पुन्हा हाती आलेला अधिकार, शेजारी दीर जो बहिणीचा नवराही आहे, बाजूला सावत्र दीर टपलेले, आणि स्कॉटलंडहून मुलीची काळजी. आधीचं बालपण आठवणींतून येईल, आणि पुलावरचे दगड अजून नऊ वर्षं लांब आहेत हे तुम्हाला माहीत असेल, तिला नसेल.